व्यवस्थापन-शिक्षणाची प्रवेशपरीक्षा : गुणवत्ता आणि तयारी

शिक्षणाच्या बळावर दलित समाजातून शिक्षक, प्राध्यापक, वकील आणि सरकारी अधिकारी निर्माण झाले. परंतु भांडवल कोठे गुंतवायचे, कारखाना कोठे काढायचा, नोकरीत कोणाला घ्यायचे हे जेथे ठरते, तेथे आपली माणसे अजून फारच थोडी आहेत. 1991 नंतर सरकारी नोकऱ्यांचे क्षेत्र आक्रसत गेले आणि खाजगी क्षेत्राला नोकरभरतीत आरक्षणाचे बंधन नाही. अशा वेळी व्यवस्थापन-शिक्षणाकडे 'तो आपला विषय नव्हे' म्हणून पाठ फिरवणे परवडणारे नाही. स्वतः बाबासाहेब 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते, याचे स्मरण येथे ठेवावे.

या क्षेत्रातील प्रमुख संस्था सार्वजनिक पैशातून उभ्या राहिल्या आहेत. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था 1961 मध्ये स्थापन झाल्या. नागपूरची संस्था 2015 मध्ये सुरू झाली. मुंबईत 1963 पासून चालू असलेल्या औद्योगिक अभियांत्रिकी संस्थेला 2023 मध्ये हाच दर्जा मिळाला. या संस्थांत 15 टक्के जागा अनुसूचित जातींसाठी व साडेसात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. प्रवेशाचा मार्ग मात्र एकाच परीक्षेतून जातो. तिला 'कॅट' म्हणतात.

ही परीक्षा नेमके काय मोजते? तिचे तीन भाग आहेत : इंग्रजी वाचन व भाषा, तक्ते-आलेखांवरील माहितीचा अर्थ लावणे व तर्क, आणि गणित. प्रत्येक भागाला 40 मिनिटे मिळतात. एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्या भागाला वापरता येत नाही. सगळी परीक्षा इंग्रजीतच होते. म्हणजे घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, शिकवणीला पैसा नाही, अशा विद्यार्थ्याचे पाऊल परीक्षेपूर्वीच मागे पडलेले असते. या अंतरालाच प्रस्थापित समाज 'गुणवत्ता' हे नाव देतो. वस्तुतः ज्याला गुणवत्ता म्हटले जाते तिचा मोठा भाग सरावाचा आणि परिचयाचा आहे. जे सरावाने मिळते ते कोणत्याही जातीची मिरासदारी असू शकत नाही.

गणिताचेच पाहा. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, चक्रवाढ व्याज, काळ-काम-वेग, मसावि-लसावि, समीकरणे, त्रिकोण आणि वर्तुळ : या भागाचा पाया दहावीपर्यंतच्या पुस्तकांत आहे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला यातले पुष्कळसे येत असते, फक्त इंग्रजी नावे अपरिचित असतात. ती नावे दोन आठवड्यांत पाठ होतात. त्यानंतर प्रश्न उरतो वेगाचा, आणि वेग रोजच्या सरावाने येतो.

वाचनाचा भाग अधिक कठीण आहे. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांवरील उतारे देऊन विचारतात : लेखकाने काय गृहीत धरले आहे? त्याचा युक्तिवाद कशाने दुबळा होईल? चळवळीच्या अभ्यासवर्गात आपण हेच करीत आलो आहोत. ग्रंथ असा तपासायची सवय ज्याला आहे, त्याला फक्त भाषा कमवायची आहे. रोज एक इंग्रजी लेख वाचावा आणि लेखकाचे म्हणणे, त्याचा आधार व त्याचा विरोध कशाला आहे हे तीन ओळींत मराठीत लिहून काढावे. सहा महिन्यांत फरक दिसतो.

गुणदानाची पद्धतही समजून घेतली पाहिजे. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात, पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो. चार पर्यायांत डोळे मिटून उत्तरे दिली, तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येऊन 3 गुण मिळतात आणि तीन चुकून 3 जातात. हाती शून्य. परंतु एक पर्याय निश्चित चूक आहे हे ओळखता आले, तर उरलेल्या तिनांतून निवडणे सरासरीने फायद्याचे ठरते. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, त्यांच्या चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ते कोरे सोडू नयेत.

'पर्सेंटाइल' म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला तीन लाख बसले आणि एखाद्याला 90 पर्सेंटाइल मिळाले, तर त्याच्या पुढे सुमारे तीस हजार जण आहेत एवढाच त्याचा अर्थ. संस्था एकूण पर्सेंटाइलप्रमाणे प्रत्येक भागाचीही किमान मर्यादा ठेवतात. राखीव प्रवर्गासाठी ती कमी असते, पण असतेच. 'राखीव जागा आहेत, मग तयारी कशाला' हा समज म्हणूनच घातक आहे. एका भागात घसरलेला विद्यार्थी बाकी दोन भागांत उत्तम असूनही मुलाखतीपर्यंत पोहोचत नाही.

कितीतरी मुले अभ्यासात नव्हे, कागदपत्रांत अडतात. अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचे असतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर होते. पदवीला सर्वसाधारण प्रवर्गासाठी 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 45 टक्के गुण लागतात. परीक्षेचे शुल्कही त्यांना निम्मे असते. जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात हवा. राज्याचा दाखला ही वेगळी गोष्ट आहे. 1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी दाखला योग्य नमुन्यात काढून ठेवावा लागतो. अर्जाची मुदत संपल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही.

याच्या जोडीने राज्याची प्रवेशपरीक्षाही द्यावी. अलीकडच्या वर्षांत तीत 150 मिनिटांत 200 प्रश्न येतात व चुकीसाठी गुण कापत नाहीत. या मार्गाने राखीव जागेवर प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज वेळीच केलेला बरा.

शुल्काचा आकडा पाहूनच पुष्कळ घरांतून हा विचार सोडून दिला जातो. जुन्या संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क 20 लाखांच्या पलीकडे गेले आहे. तथापि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती आहे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास तिला अर्ज करता येतो. प्रत्येक संस्थेत तिच्या जागा ठरावीक असल्याने प्रवेश मिळताच चौकशी करावी.

एक आक्षेप घेतला जाईल : अशा शिक्षणाने मुले समाजापासून तुटतील. हा धोका खरा आहे. पण तो वकिलीत होता, प्राध्यापकीतही होता. त्यावर उपाय दार बंद करण्याचा नाही. आत जाणाऱ्याशी नाते राखण्याचा आहे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वसतिगृहातील एक खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळी, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि घड्याळ लावून सोडवणारी आठ-दहा मुले एवढ्यावर वर्ग सुरू होतो. गणिताच्या शिक्षकाने एक संध्याकाळ द्यावी, इंग्रजीच्या प्राध्यापकाने दुसरी. कार्यकर्त्याने दाखले काढून देण्याचे काम अंगावर घ्यावे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून हे सुरू झाले, तर खेड्यातून आलेल्या मुलालाही दीड वर्ष मिळते, आणि तेवढे पुरते.