मधल्या सुट्टीची मात्रा

आमच्या बालरुग्ण विभागातून बरे होऊन घरी निघालेल्या मुलाचे पालक बहुधा दोन प्रश्न विचारतात : शाळेत केव्हा पाठवायचे, आणि खेळू द्यायचे की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नेमका दिवस सांगून देत आलो. दुसऱ्याचे मात्र ‘तूर्त खेळ नको’ एवढ्यावर भागविले. ते ‘तूर्त’ केव्हा संपते, हे सांगावयाचे राहून जाई आणि प्रकृती सुधारल्यावरही मूल मैदानाच्या कडेला इतरांच्या चपला सांभाळीत बसे. ही आमची उणीव होय. ती मान्य करूनच खेळाविषयीचे हे विवेचन आपल्यापुढे ठेवीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल आवश्यक असते. धावण्या-उड्या मारण्याने हाडांवर जो भार पडतो, त्यानेच ती बळकट होतात. आणि हा साठा मुख्यतः बालपणी व किशोरवयातच होत असतो. उघड्यावरील प्रकाशाचा डोळ्यांनाही लाभ होतो. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष जडला. नेहमीचेच वेळापत्रक असलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते.

मनाची जडणघडण याहूनही सूक्ष्म रीतीने होते. खो-खोत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. प्रतिस्पर्धी हाताशी असला तरी ‘खो’ मिळेपर्यंत उठता येत नाही, आणि मिळताच क्षणभरही थांबून चालत नाही. आवेग आवरणे व योग्य क्षणी तो मोकळा करणे, हाच संयम पुढे वर्गात लक्ष देताना आणि राग गिळताना उपयोगी पडतो. लगोरी लागली की नाही, यावरून वाद होतो आणि तो मोठ्यांच्या मध्यस्थीवाचून मिटविला जातो. ‘रडीचा डाव’ खेळणाऱ्याला पुन्हा कोणी खेळात घेत नाही, हेही मूल तेथेच शिकते.

आपल्या खेळांत ‘लिंबूटिंबू’ची सोय आहे, ती आम्हांस फार मोलाची वाटते. जो लहान वा अशक्त, तो बाद होत नाही. पण खेळात असतो. आजारातून उठलेल्या मुलाला पहिले काही दिवस असाच प्रवेश हवा असतो. मात्र दहा वर्षांच्या मुलाला कायमचे लिंबूटिंबू ठेवले, तर तेही त्याला बाहेर बसविण्यासारखेच होते.

दमा आटोक्यात असलेले मूल खेळू शकते. वैद्यांनी सांगितले असल्यास खेळापूर्वी पंपाचे औषध घ्यावे, आणि पंप दप्तरात असावा. मधुमेही मुलाने रक्तशर्करा तपासून, जवळ साखर ठेवून खेळावे. अपस्मार असलेल्या मुलाला पोहणे व उंच चढणे यांत विशेष देखरेख लागते. इतर बहुतेक खेळांस सहसा अडचण नसते. काही हृदयविकारांत मात्र बंधने खरोखरच पाळावी लागतात. म्हणूनच सरसकट मनाई किंवा सरसकट मुभा, दोन्ही चुकीच्या होत.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली, शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी काढून घेऊ नये, असे स्पष्ट मत मांडले. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरविले आहे. शहरांत ते मैदान अनेकदा एखाद्या अंगणाएवढेच असते. तरीही लंगडीला तेवढे पुरते.

यापुढे आमच्या प्रमाणपत्रावर कोणता खेळ, किती वेळ व कोणत्या तारखेपासून, हे लिहिलेले असेल. पालकांना आमची विनंती आहे की, तसे नसल्यास त्यांनी ते हक्काने विचारावे. देणगीदारांच्या औदार्याने एखादे बालक खाटेवरून उठते; ते पुन्हा सवंगड्यांत धावू लागेल, तेव्हाच ते बरे झाले असे आम्ही मानतो.