कलकत्त्याची पेटी, जालन्याचा सूर

१ मार्च १९४० या दिवसापासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवरून हार्मोनियम हद्दपार झाली. गायकाने गावे, तबलजीने ठेका धरावा, सारंगीने मागून यावे. पेटीला मात्र स्टुडिओचे दार बंद. त्या दिवशी जालन्यातल्या सखाराम प्रभाकर जळगावकर या मुलाला अठरा पुरी व्हायला महिनाभर अवकाश होता. हाच मुलगा पुढे पंडित आप्पा जळगावकर म्हणून देशभर ओळखला गेला, आणि ओळखला गेला तो याच हद्दपार वाद्यामुळे. बंदी सैल झाली तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

आडनावामुळे अनेकांना ते खानदेशचे वाटतात. जन्म मात्र जालन्याचा, ४ एप्रिल १९२२ चा. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतं; स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. 'जालना, सोने का पालना' ही म्हण व्यापाराच्या भरभराटीतून आलेली. मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला आणि जालन्याची पेठ एका बाजूला मुंबईशी, दुसऱ्या बाजूला हैदराबादशी जोडली गेली. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच मुलखातलं. खुद्द जालन्यात आनंदी स्वामींचं देवस्थान, आषाढी एकादशीला त्यांची यात्रा. भजन-कीर्तनाने कान तयार झालेल्या अशा गावात मुलाला गाणं शिकावंसं वाटलं, यात नवल नाही. नवल आहे ते कोणतं गाणं शिकायला मिळालं त्याचं.

जालन्यातच बाळकृष्णबुवा चिखलीकर होते आणि त्यांच्याकडे सखारामने धृपद-धमाराचे धडे घेतले. पेटीवाल्याच्या चरित्रात धृपद हे जरा चमत्कारिक वाटतं. नोमतोमची आलापी, चौतालाच्या बारा नि धमाराच्या चौदा मात्रांचा हिशेब, दुगुन-चौगुनीची लयकारी, मागे पखवाज. या सगळ्यात पेटीला जागाच नाही. पण माझ्या मते जळगावकरांच्या वादनाची किल्ली नेमकी इथे आहे. धृपद शिकणाऱ्याला स्वर कुठे ठेवायचा यापेक्षा तो किती वेळ आणि कोणत्या वजनाने धरायचा हे आधी कळतं. पेटीवर सूर आयता मिळतो, त्यामुळे बहुतेक वादकांचं हे शिक्षण राहूनच जातं. बोटं पळतात, दम मात्र तयार होत नाही. जळगावकर आधी गळ्याचे विद्यार्थी होते, पेटीकडे ते नंतर वळले.

या पेटीचा स्वतःचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेब लोकांच्या दिवाणखान्यांतून ते आपल्याकडे आलं. त्याला जमिनीवर बसवलं ते बंगाल्यांनी. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली 'द्वारकिन' ही वाद्यांची पेढी काढली, आणि मागे हाताचा भाता असलेली, मांडी घालून वाजवायची सुटसुटीत पेटी तिथून देशभर गेली. एका हाताने भाता, दुसऱ्याने सूर: वादक अर्धा लोहार, अर्धा गवई झाला. बंगालात ती कीर्तनात, श्यामासंगीतात, घरोघरच्या गाण्याच्या शिकवणीत शिरली. महाराष्ट्रात तिला संगीत नाटकाने उचललं. पायपेटी आणि ऑर्गन रंगमंचासमोर आले, आणि 'मानापमान'च्या चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला बैठकीत मान मिळवून दिला.

तिच्यावर सर्वांत मोठा घाव मात्र कलकत्त्यातूनच बसला. रवींद्रनाथ ठाकुरांना पेटी मुळीच आवडत नसे. शांतिनिकेतनात त्यांनी तिला थारा दिला नव्हता, एस्राज त्यांना प्रिय. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता केंद्राच्या प्रमुखांना पत्र लिहून आपला विरोध कळवला आणि दोन महिन्यांच्या आत देशभर बंदीचा हुकूम निघाला. हुकूम त्यांच्या एकट्याच्या पत्राने निघाला असं मात्र नाही. रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच 'इंडियन लिसनर'मध्ये पेटीवर कडाडून टीका केली होती. आनंद कुमारस्वामींसारखे विद्वान त्याआधीपासून तिच्यावर नाराज होते. रेडिओचे नियंत्रक लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत हुकूम निघाला आणि स्वातंत्र्यानंतर तो उठला नाही, उलट पक्का झाला. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलेच पुण्याचे गृहस्थ, सिनेसंगीतावर रागावलेले होते तसेच पेटीवरही.

आक्षेप खोटे होते का? नव्हते. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले असतात, आपला गंधार, आपला धैवत त्यात नेमका बसत नाही. दरबारीचा गंधार तर अजिबात नाही. दोन पट्ट्यांच्या मधली जागा रिकामी, तेव्हा मींड निघत नाही, आंदोलन निघत नाही. सारंगीची तार गळ्यामागे सरकत जाते, पेटी पायऱ्या उतरते. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली तीही याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. पण हे सारं खरं असूनही महाराष्ट्रातल्या गायकांनी पेटी सोडली नाही, हेही तितकंच खरं. पट्टी सापडायला, षड्ज धरून ठेवायला, तान संपल्यावर श्वास घ्यायला गायकाला ती हवी होती. आकाशवाणीचा माईक तिला परका झाला, पण गणेशोत्सवाचा मांडव, गायन समाजाची बैठक, १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव इथे ती गायकाच्या डाव्या अंगाला बसून राहिली. पेटीवाल्यांचा नावलौकिक त्या काळात रेडिओने वाढवला नाही. श्रोत्यांनी प्रत्यक्ष ऐकून वाढवला.

बंदीच्या काळातली एक गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते. द्वारकिनच्या द्वारकानाथांचे नातू ज्ञानप्रकाश घोष हे तबल्याचे आणि पेटीचे मोठे जाणकार. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर त्यांनी पंधराएक वर्षं संगीताचे निर्माते म्हणून काम केलं. आजोबांच्या दुकानातून निघालेलं वाद्य नातवाच्या कचेरीत मात्र निषिद्ध! आणि ज्या रवींद्रसंगीताच्या नावाने हे सगळं सुरू झालं, तिथेही देवव्रत विश्वास यांच्यासारखे लोकप्रिय गायक वाद्यांच्या वापरावरून विश्वभारतीच्या संगीत मंडळाच्या रोषाला बळी पडले. बंगालचं परंपरेचं गाणं असो की आपलं, शुद्धतेचे रखवालदार आणि गाणारे यांचं फारसं जमत नाही.

जळगावकरांचं मोठेपण या वादाच्या पार्श्वभूमीवर पाहावं लागतं. पेटीला जे येत नाही ते तिच्याकडून ओरबाडून काढण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. दोन पट्ट्यांवर बोटं क्षणभर एकत्र ठेवून, भाता हलका करून, कणस्वराला नुसता स्पर्श करून मींडेचा भास करता येतो. हे तंत्र अनेकांना येतं. कुठे करायचं नाही हे फार थोड्यांना कळतं. आलापात गायक एका स्वरावर थांबला की पेटीने तोच स्वर धरून ठेवायचा, नवं काही सांगायला जायचं नाही. गायकाची जागा संपली की तिचं शेपूट उचलायचं, समेआधी बाजूला व्हायचं. साथ म्हणजे नक्कल नव्हे आणि जुगलबंदी तर नव्हेच. भीमसेन जोशींच्या तुफानी तानेमागे हे करायचं आणि किशोरी आमोणकरांच्या विलंबित आलापीमागेही हेच करायचं, म्हणजे एकाच माणसाने दोन वेगळ्या स्वभावांच्या घरांत सून म्हणून नांदायचं. जसराजांच्या लडिवाळ, अलंकृत गायकीमागे तिसरीच तऱ्हा लागते. या तिघांबरोबर ते बसले आणि तिघांचेही झाले.

दुसरं काम त्याहून अवघड, आणि श्रोत्याच्या नजरेत कमीच भरणारं: तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा धरणं. झाकीर हुसेन कायदे, रेले, गती मांडत सुटलेले असताना सोळा मात्रांची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची. लय तसूभर सरकली तरी सगळा डाव फसतो. कंटाळा बोटांत उतरला तरी फसतो. तबलजी आडलयीत शिरतो तेव्हा लेहरेकऱ्याला मोह होतो तो त्याच्यामागे जाण्याचा. जायचं नसतं. इथे बाळकृष्णबुवांकडचा धमार कामाला आला असणार, असं मी समजतो. चौदा मात्रांत दुगुन-तिगुन बोलत हाताने टाळी धरलेल्या मुलाला मात्रेचं घर पक्कं सापडलेलं असतं.

१९७० मध्ये दिल्लीत पेटीच्या प्रश्नावर परिसंवाद भरला. बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून जाणत्यांनी बाजू मांडल्या आणि संगीत नाटक अकादमीच्या नियतकालिकात ती चर्चा छापून आली. पुढच्या वर्षी आकाशवाणीने बंदी शिथिल केली, तीही फक्त साथीपुरती. एकल पेटीवादनाला दार बंदच राहिलं. जळगावकरांना हा निर्णय फार उशिरा लाभला असं म्हणावं, तर त्यांची पुढची तीसेक वर्षं आड येतात. नाव, मान, शिष्य, परदेशातल्या मैफली हे सगळं त्या काळात आलं. पुढे ते पुणेकर झाले.

२००० साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पेटी ठेवावी की काढावी याची चर्चा जिच्या पानांवर झाली, तीच ही अकादमी. १६ सप्टेंबर २००९ ला पुण्यात ते गेले.