बदल नको असतो की मोडतोड नको असते?

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना कोणी पगार देत नाही. रात्री घरची कामं आटोपून कोणी नदीवरच्या लेखात दोन संदर्भ घालतो, कोणी शुद्धलेखन तपासतो. अशा समूहाची रोजची प्रणाली बदलायची असेल, तर कचेरीसारखं ‘सोमवारपासून हे वापरा’ असं फर्मान काढता येत नाही. माणूस न भांडता निघून जाऊ शकतो, आणि बरेचदा जातोच. तरीही असे बदल करताना काही समजुती पुन्हा पुन्हा पुढे केल्या जातात. गेल्या दहा-बारा वर्षांचा विकिपीडियाचा अनुभव त्यांच्या विरोधात जातो.

गैरसमज : जुन्या लोकांना बदल नकोच असतो.

विकिपीडियावर शब्द ठळक करायचा तर दोन्ही बाजूंना तीन-तीन अवतरणखुणा, दुवा द्यायचा तर दुहेरी चौकोनी कंस, अशी खुणांची भाषा शिकावी लागे. नवा माणूस तिथेच अडखळे. म्हणून वर्ड फाइलसारखं, दिसेल तसं लिहिता येणारा ‘यथादृश्य संपादक’ तयार झाला. त्याची गरज जुन्यांनाही पटत होती. १ जुलै २०१३ रोजी तो इंग्रजी विकिपीडियावर लॉगइन केलेल्या सदस्यांसमोर आपोआप येऊ लागला, तेव्हा तो कच्चा होता. मोठे लेख उघडायला वेळ लागे, आणि एखादी साधी दुरुस्ती केली तरी मजकुरात भलत्याच खुणा शिरत. ही घाण निस्तरायची कोणी? ज्यांच्याशी आधी पुरेसं बोलणं झालं नव्हतं, त्याच अनुभवी संपादकांनी. सदस्यांनी चर्चा करून कौल दिला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये तो पुन्हा ‘हवा असेल त्याने निवडावा’ असा झाला.

पुढे तोच यथादृश्य संपादक सुधारत गेला, टप्प्याटप्प्याने नव्या खात्यांना दिला गेला आणि टिकला. तक्त्यात एक स्तंभ वाढवायचा असेल तर आज खुणांच्या भाषेचे पट्टीचे जाणकारही त्याच्याकडे वळतात. लोकांचा राग अंगावर पडलेल्या जादा कामावर होता. नवेपणावर राग असता, तर तोच संपादक पुढे स्वीकारला गेला नसता.

गैरसमज : थोडे दिवस आरडाओरडा होतो, मग सवय होते.

कधी होतेही. पण २०१४ मध्ये चित्रं मोठी करून दाखवणारी नवी सोय आली, तेव्हा जर्मन विकिपीडियाच्या सदस्यांनी ती आपोआप सुरू राहू नये असा कौल दिला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर ऑगस्टमध्ये असं कुलूप लावलं, की सदस्यांनी निवडून दिलेल्या प्रचालकांनाही काही तांत्रिक पानं बदलता येईनात. चित्रांचा वाद बाजूला पडला आणि ‘हे घर कोणाचं?’ हा प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढावं लागलं. मूळची सोय किरकोळ होती, दुखावलेला विश्वास मात्र किरकोळ नव्हता.

गैरसमज : नवी रचना शास्त्रशुद्ध असली की पुरे.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती चर्चा पानांची, म्हणजे लेखाबद्दल संपादक आपसात बोलतात त्या पानांची कथा. तिथे उत्तर देताना ओळीच्या सुरुवातीला विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं देऊन ओळ आत सरकवायची, शेवटी चार नागमोडी खुणा टाकून सही करायची. नवखे सही विसरतात आणि कोण काय बोललं तेच कळत नाही. यावर ‘फ्लो’ नावाची प्रणाली तयार केली गेली. प्रत्येक उत्तर वेगळ्या चौकटीत, सही आपोआप. कागदावर निर्दोष! पण जुने संपादक त्या मोकळ्या पानावर नुसते बोलत नव्हते. लेखातला परिच्छेद तिथे आणून घासूनपुसून बघायचे, दोन चर्चा एकत्र करायचे, निकालात निघालेला मुद्दा खोडायचे. चौकटींत हे अवघड झालं. अनेक ठिकाणी फ्लो नाकारली गेली.

मग २०१९ मध्ये वेगवेगळ्या भाषांच्या समूहांना आधी विचारलं गेलं : तुम्ही या पानांवर नेमकं काय करता, आणि कुठे अडतं? त्यातून ठरलं, की पानं तशीच ठेवायची, वर सोय चढवायची. आता प्रत्येक मताशेजारी उत्तराचं बटण असतं. ते दाबून लिहिलं की ओळ आत सरकते, सही उमटते, आणि खाली साठतो तो जुन्याच खुणांचा मजकूर. ज्याला हाताने टिंबं द्यायची, त्याची वाट कोणी अडवलेली नाही. २०२० पासून चाचणीत असलेली ही सोय २०२२ पर्यंत बहुतेक विकींवर रुजली.

गैरसमज : जुनं बंद केल्याशिवाय नवं रुजत नाही.

१८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियाचं रूप बदललं. त्याआधी फ्रेंचसह काही विकींवर ते २०२० पासून वापरात होतं. दोन्ही बाजूंना जागा वाया जाते, ही तक्रार जोरात झाली. मजकूर पूर्ण रुंदीत दाखवणारं बटणही मिळालं. आणि पसंतीच्या पानावर २०१० चं रूप, इतकंच काय २००४ चं रूपही, आजही निवडता येतं. त्यामुळे वाद झाला, पण कोणाचं काम अडलं नाही.

गैरसमज : मदतीचं पान लिहिलं की झालं.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण नियमित लिहिणारे हात मोजकेच. इथे इंग्रजी सूचना मराठीत उतरवून चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर लावणं ही फक्त सुरुवात. कार्यशाळेत शेजारी बसून, थेट लेखात न नेता आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर नेऊन, हवं ते मोडू देऊन शिकवलं तर हात लवकर बसतो. पडद्यावरची बटणं मराठीत दिसावीत म्हणून ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर आपणच भाषांतर करायचं असतं. ते राहिलं की मध्येच इंग्रजी शब्द डोकावतो आणि नवखा बिचकतो.

याहून मोठी अडचण तक्रारीची. प्रणालीतल्या चुका फॅब्रिकेटर नावाच्या ठिकाणी नोंदवल्या जातात आणि तिथला व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो. ज्याला जोडाक्षर टंकताना अडचण येते, तो तिथवर पोचतच नाही. चावडीवर आलेली तक्रार नीट समजून घेऊन कोणता ब्राउझर, कोणता कळफलक, कोणता लेख, काय टंकलं आणि काय उमटलं एवढं इंग्रजीत लिहून तिथे पोचवणारा आणि आलेलं उत्तर पुन्हा मराठीत चावडीवर सांगणारा एक तरी माणूस बदलाच्या पहिल्या दिवसापासून नेमलेला हवा.