लेव्ही नाकारणारी गावे

आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असल्यामुळे (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते) तेथील शेतकऱ्याचा कर इंग्रजांच्या नव्हे, तर त्यांचे सार्वभौमत्व मान्य केलेल्या निजामाच्या खजिन्यात जमा होत असे. म्हणूनच १९२८ च्या बार्डोलीतील साराबंदीचे किंवा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे कर नाकारण्याचे सूत्र येथे वेगळ्या रूपात अवतरले.

संस्थानाच्या हद्दीवर ये-जा करणाऱ्या मालावर घेतल्या जाणाऱ्या जकातीला करोडगिरी म्हणत, आणि बार्शी ब्रिटिश मुलखात तर लातूर निजामाच्या राज्यात असल्याने एकाच रेल्वेमार्गावरील या दोन बाजारपेठांमध्ये ही जकात आडवी येई. दारू व शिंदीवरील अबकारी हे उत्पन्नाचे दुसरे मोठे साधन होते. मात्र सर्वांत जाचक ठरली ती लेव्ही, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने धान्याचा ठरावीक हिस्सा सक्तीने घालण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती लागू झाल्यावर घरच्या पोटापुरतेही न पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याला तिचा फटका बसला.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने, जिच्यावर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी आली होती, १९४७ मध्ये भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी लढा पुकारला, तेव्हा शाळा व न्यायालये यांवरील बहिष्कारासोबत लेव्ही न देणे आणि अबकारीचे उत्पन्न बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे हेही त्यात आले. ज्या राजवटीला प्रजेने निवडलेले नाही तिला प्रजेच्या धान्यावर हक्क नाही, हा त्यामागील अर्थ होता. हा लढा सर्वस्वी अहिंसक राहिला असे म्हणता येणार नाही, कारण लढ्याच्या सरहद्दीवरील छावण्यांतील सशस्त्र तरुणांनी करोडगिरीचे नाके जाळले आणि ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँकही लुटली. या धाडसाच्या कथा मराठवाड्यात आवडीने सांगितल्या जातात, ते योग्यच आहे. परंतु कणगीतले धान्य न देणाऱ्या कुटुंबांना तितकेच मोठे स्थान मिळायला हवे, कारण छावणीतील तरुणाला हद्दीपलीकडे आसरा होता, तर ही कुटुंबे पोलिसांच्या आणि लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या, निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या टापूतच, आपल्या घरादारासह उघडी राहिली होती.