जुन्या पीसीची डिस्क काढून दुसऱ्या पीसीत लावली, तर विंडोज चालू होतं का?

समजा, ऐन लग्नसराईत एखाद्या डीटीपीच्या दुकानातला पीसी बंद पडला. रिपेअरवाला सांगतो, मदरबोर्ड गेलाय. पत्रिकांच्या फायली, श्रीलिपीचे फॉन्ट, कोरलड्रॉची सेटिंग, टॅलीतला हिशोब, सगळं एकाच एसएसडीवर. ओळखीत एक बरा सेकंडहँड पीसी मिळतोय. अशा वेळी डोक्यात पहिला विचार येतो तो हाच: डिस्क इकडून काढायची, तिकडे लावायची, विषय संपला.

खरंच संपतो का? विंडोज १० किंवा ११ असेल, तर बऱ्याचदा हो. पण जिथे अडकतं, तिथे असं अडकतं की डिस्क ठणठणीत असूनही त्यातली एकही फाईल परत मिळत नाही. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी काही गोष्टी बघून घेतलेल्या बऱ्या.

पूर्वी हे काम जवळपास अशक्य होतं. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क दुसऱ्या मदरबोर्डला लावली की बहुतेक वेळा निळी स्क्रीन यायची. कारण साधं होतं. डिस्क वाचायला कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो आणि विंडोज ज्या पीसीवर इन्स्टॉल झालं, तिथलाच ड्रायव्हर ते सुरुवातीला लोड करायचं. नवीन कंट्रोलरचा ड्रायव्हर डिस्कवर असला, तरी डिस्कच वाचता येत नाही तर तो घेणार कुठून? विंडोज ८ पासून परिस्थिती बरीच सुधारली. आता नेहमीच्या कंट्रोलरचे ड्रायव्हर विंडोजमध्येच असतात. पहिल्यांदा चालू करताना ‘गेटिंग डिव्हाइसेस रेडी’ असा मेसेज दिसतो, पीसी एकदोनदा रिस्टार्ट होतो आणि डेस्कटॉप समोर येतो. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरीही.

डिस्क लावली आणि नवीन पीसीला ती बूट करायला सापडतच नसेल, तर भानगड बहुतेक बायोसची असते. विंडोज ७ च्या जमान्यातले अनेक पीसी जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बूट व्हायचे आणि त्यांच्या डिस्कची मांडणी एमबीआर प्रकारची असायची. आताचे पीसी यूईएफआय पद्धतीने बूट होतात, त्यांना जीपीटी मांडणी लागते. काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘सीएसएम’ हा पर्याय चालू केला की जुनी डिस्कही बूट होते, पण नव्या बोर्डांवर तो असेलच असं नाही. अशा वेळी विंडोजमधलं ‘एमबीआर टू जीपीटी’ हे टूल कामी येतं. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून ते सोबतच येतं आणि डेटा न पुसता मांडणी बदलतं. तरी बॅकअपशिवाय त्याला हात लावू नये.

डिस्क दिसतेय, पण ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येतेय? इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या पीसींमध्ये बायोसमधलं ‘व्हीएमडी’ चालू असलं की असं होऊ शकतं. ते बंद करून बघा. नवीन पीसीत त्याची स्वतःची विंडोजवाली डिस्क असेल, तर पहिल्या चाचणीपुरती ती काढून ठेवा, म्हणजे नक्की कोणतं विंडोज चालू होतंय याचा गोंधळ होत नाही.

इथपर्यंतच्या सगळ्या अडचणींवर उपाय आहे. खरी मेख आहे ती बिटलॉकरची.

अनेकांना माहीतच नसतं की त्यांच्या डिस्कला कुलूप आहे. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की ते गुपचूप चालू होऊ शकतं. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीत त्याच्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या, त्यामुळे फ्रेश इन्स्टॉल केलेले साधे डेस्कटॉपही त्यात आले. रोज हे जाणवत नाही, कारण कुलूप उघडून द्यायचं काम टीपीएम करतं. हे टीपीएम मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये असतं. डिस्क दुसऱ्या पीसीत गेली की तिथलं टीपीएम तिला ओळखत नाही आणि स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

ही की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. मोबाईलवरून त्या अकाउंटमध्ये लॉगिन केलं की तुमच्या डिव्हाइसच्या माहितीत मिळते. पण अकाउंट कोणाचं? दुकानातला पीसी कधी भाच्याने, कधी पीसी विकणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर चालू करून दिलेला असतो. मग की त्याच्या अकाउंटमध्ये. ती कुठेच सापडली नाही, तर मायक्रोसॉफ्टही कुलूप उघडून देऊ शकत नाही. तेव्हा उरते एकच आशा, तोच जुना बोर्ड त्याच प्रोसेसरसकट दुरुस्त करून घेणं. म्हणूनच की हातात येईपर्यंत जुना बोर्ड भंगारात देऊ नका.

जुना पीसी अजून चालू असेल तर काम सोपं आहे. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा, प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकर. चालू असेल तर आधी की कागदावर उतरवून घ्या, मग ते बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. लॉगिनचा पिनही त्या पीसीपुरताच असतो, दुसरीकडे चालेलच असं नाही. त्यामुळे अकाउंटचा पासवर्ड आठवतोय का, हेही आत्ताच तपासा.

राहिला लायसन्सचा प्रश्न. ब्रँडेड पीसीसोबत आलेलं विंडोज त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं, ते दुसऱ्या पीसीवर नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नेता येतं, फक्त ते आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडून ठेवलं तर सोपं जातं. लायसन्स नसलं तरी विंडोज चालू होतं, कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसत राहतं एवढंच. टॅलीचं मात्र आधी जुन्या पीसीवरून लायसन्स सरेंडर करावं लागतं. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल लागते, तिथे डोंगल नव्या पीसीत बसते का तेही बघा. फार जुन्या डोंगल पॅरलल पोर्टच्या असायच्या आणि तो पोर्ट आताच्या पीसीला सहसा नसतोच.

आणि जुन्या डिस्कवर विंडोज १० असेल, तर पीसी बदलल्याने ते ११ होत नाही. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

फक्त फायलीच हव्या असतील, तर एवढा खटाटोप करायची गरजही नाही. डिस्क यूएसबी एनक्लोजरमध्ये घालून कोणत्याही पीसीला लावा आणि फायली कॉपी करून घ्या. बिटलॉकर असेल तर की इथेही लागेल. लावल्यावर विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं, तर कॅन्सल दाबा.