संकेतस्थळांची सुगम्यता तपासणी
दृष्टी, श्रवण, हालचाल, वाचा किंवा आकलन यांबाबतींत दिव्यांग असलेल्या व्यक्तींना एखादे संकेतस्थळ इतरांप्रमाणे स्वतंत्रपणे वापरता येते की नाही, हे ठराविक निकषांवर पडताळून पाहण्याच्या पद्धतीस सुगम्यता तपासणी म्हणतात. परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार, प्रवासाचे आरक्षण, शासकीय दाखले इ. कामे संकेतस्थळांमार्फत होऊ लागल्यापासून या तपासणीस महत्त्व प्राप्त झाले आहे. ज्या कामासाठी दुसरा मार्गच उरलेला नसतो, त्याचे संकेतस्थळ दुर्गम असल्यास दिव्यांग व्यक्ती त्या सेवेला मुकते किंवा आपली खाजगी माहिती व परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देणे तिला भाग पडते.

अंध व्यक्ती संगणक वापरताना पडद्यावरील मजकूर आवाजात रूपांतरित करणारी किंवा ब्रेल-पट्टीवर उमटविणारी पडदावाचक आज्ञावली वापरतात [⟶ अंधशिक्षण]. ‘जॉज’ व विनामूल्य मिळणारी ‘एनव्हीडीए’ या तशा आज्ञावली होत. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्ती माऊसऐवजी कळफलक, विशेष खटके किंवा आवाजी आज्ञा यांवर अवलंबून असतात. पडदावाचक पानाचे दृश्य रूप पाहत नाही. त्यामागील सांकेतिक रचना वाचतो. त्यामुळे केवळ मोठ्या अक्षरांत छापलेले, परंतु शीर्षक म्हणून न नोंदलेले शब्द त्याच्या लेखी साधे वाक्यच ठरतात. डोळ्यांना निर्दोष दिसणारे पान कानांना निरर्थक वाटू शकते, ते यामुळेच.

निकष : १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये व दुसरी आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीस २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०२३ मधील २.२ या आवृत्तीत ८६ निकष असून त्यांची विभागणी ए, एए व एएए अशा तीन पातळ्यांत केलेली आहे. कायद्यांत व शासकीय नियमांत बहुधा एए पातळीची अपेक्षा धरली जाते. आशय जाणवण्याजोगा, हाताळण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकणारा असावा, ही चार मूलतत्त्वे होत. उदा., सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद किमान ४.५ : १ असावा (पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा तो २१ : १ असतो), प्रत्येक क्रिया कळफलकाने करता यावी, आकलनास आवश्यक अशा चित्रांना शब्दरूप पर्याय असावा, अपस्माराचा झटका टाळण्यासाठी कोणताही भाग सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखू नये.

पद्धती : प्रथम संकेतस्थळाची प्रातिनिधिक पाने निवडतात. मुखपृष्ठाबरोबरच नोंदणी, शोध, अर्ज भरणे, शुल्क भरणे अशी सलग कामे त्यांत घेतात. यानंतर स्वयंचलित साधनांनी पाने तपासली जातात. प्रकाशभेद, शब्दरूप पर्यायांचा अभाव, रकान्यांना नसलेली नावे असे दोष ही साधने त्वरित दाखवितात. मात्र त्यांची मर्यादा मोठी आहे. ब्रिटिश शासनाच्या डिजिटल सेवा विभागाने हेतुपुरस्सर १४२ अडथळे घातलेले एक पान तयार करून अनेक साधने पडताळली, तेव्हा एकाही साधनास निम्मे अडथळे सापडले नाहीत व सुमारे २९ टक्के अडथळे तर कोणत्याच साधनाला आढळले नाहीत. परीक्षेच्या वेळापत्रकाच्या चित्राला ‘चित्र १’ असा पर्याय दिलेला असल्यास यंत्र तो ग्राह्य धरते. वाचकाला मात्र तारीख कळत नाही. पर्याय आहे की नाही हे यंत्र सांगू शकते, तो अर्थपूर्ण आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून जाणकार तपासनीस माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने व पडदावाचकाने प्रत्येक काम शेवटपर्यंत करून पाहतो. शेवटी दिव्यांग वापरकर्त्यांकडून तीच कामे करवून घेतात. निकष पाळूनही राहिलेल्या अडचणी या टप्प्यात उघड होतात.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत काही बाबी विशेषत्वाने पाहाव्या लागतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदलेली नसल्यास पडदावाचक दुसऱ्याच भाषेच्या नियमांनी उच्चार करू शकतो. युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर त्याला अर्थहीन अक्षरांचा समूह वाटतो. परिपत्रकाची केवळ छायाप्रत चढविल्यास त्यातील मजकूर त्याला थेट वाचता येत नाही.

कायदेशीर स्थिती : सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिक सामन्यांच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने तक्रार केली होती. चित्रांना शब्दरूप पर्याय नसणे आणि क्रीडाप्रकारांची सूची व निकालांचे तक्ते वाचता न येणे, हे तिचे मुद्दे होते. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट २००० मध्ये हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. आदेशाचे पूर्ण पालन न झाल्याने पुढे आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांची भरपाई द्यावी लागली.

भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूत्रे तयार झाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने माहिती-तंत्रज्ञानातील सुगम्यतेची तरतूद केली. केवळ शिफारशींच्या स्वरूपाचे नियम पुरेसे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. एप्रिल २०२५ मध्ये, बँकांच्या डिजिटल ओळखपडताळणीत डोळ्यांची उघडझाप करण्याची अट अंध व आम्लहल्ला-पीडित व्यक्तींना पाळता येत नाही अशा प्रकरणात, डिजिटल सेवांची उपलब्धता ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला.

संकेतस्थळातील मजकूर व रचना सतत बदलत असल्यामुळे एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायमचे पुरेसे ठरत नाही. तपासणी ठराविक काळाने पुन्हा करावी लागते. आराखड्याच्या टप्प्यातच सुगम्यतेचा विचार केल्यास पुढील दुरुस्तीचा खर्च व श्रम बरेच वाचतात.