कोटणीसांचे नाव, बसूंची सुई

तामलवाडीवरून जाणारी तुळजापूरची सडक सोलापूरला पोहोचते, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या जन्मगावी. अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यांना त्यांचे नाव देतात; लुधियान्यात तर रुग्णालयच आहे. पण कोटणीस शल्यविशारद. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, १९४२ मध्ये तिथेच वारले. सुई भारतात रुजवली ती पथकातले सहकारी डॉ. बिजयकुमार बसूंनी, १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन, शिकून. बंगालबाहेर त्यांना कोण ओळखतो? थोर नावाने रुग्णाला धीर येतो, उपचार सिद्ध होत नाही. गुडघेदुखीच्या चाचण्यांत सुईने उतार पडला. नुसत्या टोचल्यासारखे भासवणाऱ्या खोट्या सुईनेही बराचसा पडला.